ओळख पटली का?

'ओळख' हा शब्द आपल्याकडे जेवढा चालतो तेवढा दुसरा कुठला चालत असेल असं मला वाटत नाही. उत्पन्नाचा दाखला काढायचा असो, हॉस्पिटलात नंबर लावायचा असो, नाहीतर हॉस्टेलला रूम बदलून घ्यायची असो, पहिला प्रश्न ठरलेला, "ओळखीचं कोणी आहे का?" लातूरला आमच्या घरी कोणी नवीन मुलगा-मुलगी आली की आजी चष्मा वर करून विचारते, "कोणाचं लेकरू हाय गं हे?" लेकराचं स्वतःचं नाव काय, ते शिकतंय काय, हे सगळं नंतर. आधी बाप, मग गाव, मग आडनाव. आणि आडनाव कळलं की बाकीचं आपोआप कळलं, असं समजायचं!

माझी ओळखही अशीच होते. मी लातूरची, आणि त्यात कॉन्व्हेंटची. नांदेडला ॲडमिशन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मला 'कॉन्व्हेंटवाली' हे नाव पडलं. म्हणजे हिला मराठी येत नसणार, ही मेसची भाकरी खाणार नाही, ही इंग्लिशमध्येच भांडणार! (भांडते मी अस्सल लातुरी भाषेत, हे रूममेटला विचारा.) तर सांगायचं एवढंच, की शाळेत मराठी हा आमचा एकच विषय होता. त्यामुळे शुद्धलेखनाकडे जरा काणाडोळा करा आणि विषयाकडे लक्ष द्या. विषय मात्र कॉम्प्युटरचा आहे.

मध्यंतरी सायबर फॉरेन्सिकवरच्या एका दोन दिवसांच्या वर्कशॉपला मी बसले होते. तिथे शिकवणाऱ्या सरांनी एक वाक्य टाकलं आणि ते माझ्या डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "फाइलचं नाव म्हणजे फाइलची ओळख नव्हे."

खरंच आहे की! आपल्या हॉस्टेलच्या पेन ड्राइव्हचंच बघा. रूमवर येऊन मी एक उद्योग केला. चार मैत्रिणींचे पेन ड्राइव्ह गोळा केले आणि त्यातल्या एकाच विषयाच्या नोट्सच्या सगळ्या फाइल्स बाजूला काढल्या. नावं काय काय होती? 'युनिट तीन', 'युनिट तीन आयएमपी', 'फायनल', 'फायनल फायनल', 'सिनियरने दिलेली', 'हीच वाच'! एकूण नऊ फाइल्स. मग प्रत्येकीचा हॅश काढला. नऊपैकी सात फाइल्सचा हॅश अगदी एकसारखा आला. म्हणजे नावं सात आणि ऐवज एकच! उरलेल्या दोन दिसायला हुबेहूब तशाच होत्या, पण हॅश वेगळे. शोध घेतला तर कळलं की एकीने फाइल उघडून नुसती पुन्हा सेव्ह केली होती. त्यात सेव्ह केल्याची नवी तारीख आतमध्ये नोंदली गेली. दुसरीने पहिल्या पानावर स्वतःचं नाव टाकलं होतं. डोळ्यांना यातला पहिला फरक दिसलाच नव्हता. हॅशला दोन्ही दिसले.

आता हॅश म्हणजे काय, ते कॉम्प्युटरवाले सोडून बाकीच्या ब्रँचच्या मित्रांसाठी सांगते. हॅश हे एक गणित आहे. त्याला कितीही मोठी फाइल द्या, तीन तासांचा पिक्चर द्या नाहीतर एका ओळीची चिठ्ठी द्या, ते तिच्यातला प्रत्येक बाइट वाचतं आणि ठराविक लांबीचा एक आकडा देतं. शा-२५६ नावाच्या पद्धतीत हा आकडा २५६ बिटांचा असतो आणि लिहिताना ६४ अक्षर-अंकांचा होतो. तीच फाइल पुन्हा दिली की तोच आकडा. आकड्यावरून उलटं फाइलकडे मात्र जाता येत नाही. आणि मुद्दाम ठरवून दुसरी अशी फाइल बनवायची की जिचा आकडा हाच येईल, तर शा-२५६ साठी ते आजवर कोणाला जमलेलं नाही.

लातूरच्या अडत बाजारात तुरीचं पोतं आलं की त्यात टोकदार नळी खुपसून मूठभर माल काढतात आणि त्या मुठीवरून अख्ख्या पोत्याचा भाव ठरतो. हॅश असं करत नाही. तो पोतं ओततो आणि दाणा न् दाणा मोजतो. एक दाणा बदलला तरी उत्तर पार बदलतं. मी 'लातूर' असं लिहून एक फाइल केली आणि 'लातुर' असं लिहून दुसरी. एका उकाराचा फरक! दोन्ही हॅश शेजारी ठेवले तर कुठे साम्य शोधूनही सापडेना. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत हॅशइतका कडक मास्तर महाराष्ट्रात दुसरा नसेल!

आणखी एक गंमत. अगदी रिकाम्या फाइललाही हॅश असतो. शा-२५६ मध्ये तो 'ई३बी०सी४४२' असा सुरू होतो. तुम्ही नांदेडला रिकामी फाइल बनवा नाहीतर न्यूयॉर्कला, नाव 'असाइनमेंट' द्या नाहीतर 'प्रोजेक्ट रिपोर्ट', हॅश तोच येणार. सबमिशनच्या आदल्या रात्री रिकाम्या फाइलला भारदस्त नाव देणाऱ्यांनी नोंद घ्यावी!

असो. आता मुख्य गोष्टीकडे येते. पोलिसांनी एखादा कॉम्प्युटर किंवा मोबाईल जप्त केला की त्यात लाखो फाइल्स असतात. त्यातल्या बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या आणि ॲप्सच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या मशीनवर सारख्याच असणाऱ्या. तपास करणाऱ्याला हवी असते ती त्या माणसाची स्वतःची फाइल. मग ती लाखांतून शोधायची कशी? एकेक उघडत बसलं तर रिटायरमेंट येईल! आणि नावावर विसंबलं तर कोणीही आपली भानगडीची फाइल सिस्टिम फाइलचं नाव देऊन लपवील.

यासाठी अमेरिकेत एक लायब्ररी आहे. नाव नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी. तिथल्या मापं-वजनं आणि मानकं ठरवणाऱ्या 'निस्ट' या सरकारी संस्थेची ती आहे आणि मेरीलँड राज्यात गेथर्सबर्ग इथे आहे. लायब्ररी म्हणजे खरोखरची लायब्ररी हं! विकत किंवा भेट मिळालेली सॉफ्टवेअर्स, त्यांचे खोके, सीड्या, सगळं जपून ठेवलेलं. त्यातल्या प्रत्येक फाइलचा हॅश काढून त्याची यादी ते सगळ्यांना फुकट देतात. अलीकडच्या यादीत अँड्रॉइड आणि आयओएसच्या फाइल्सचे वेगळे भागही आहेत. तपास करणारा जप्त मशीनमधल्या सगळ्या फाइल्सचे हॅश काढतो, या यादीशी ताडून बघतो आणि जुळतील त्या बाजूला सारतो. गव्हातले खडे निवडायचे तर आधी गहू बाजूला काढायचा, असा हा प्रकार. जे उरतं, तेवढंच माणसाने बघायचं.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. आपण सहज म्हणू की यादीत सापडलेली फाइल म्हणजे 'चांगली' फाइल. पण ते लोक तसं म्हणत नाहीत. ते फक्त 'माहीत असलेली' म्हणतात. कारण त्या यादीत हॅकिंगची आणि चित्रात मजकूर लपवायची सॉफ्टवेअर्सही आहेत. ती माहीत आहेत, पण चांगली आहेत असं कोण म्हणेल? यादी एवढंच सांगते, "हिला आम्ही आधी पाहिलंय, ही अमुक सॉफ्टवेअरबरोबर आली होती." चारित्र्याचा दाखला ती देत नाही.

हे सगळं अमेरिकेचं झालं. आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत येऊन पोचलाय.

तुम्हाला २०२४ ची नीट आठवत असेल. ५ मे २०२४ ला परीक्षा झाली, देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि निकालानंतर गोंधळ सुरू झाला. त्या जूनमध्ये एटीएसच्या नांदेड पथकाने लातूरमधल्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांची चौकशी केली. लातूरला गुन्हा दाखल झाला आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. त्यांच्या मोबाईलमध्ये विद्यार्थ्यांची हॉल तिकिटं सापडली, अशा बातम्या तेव्हा रोज येत होत्या. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे, तो ठरवायला कोर्ट आहे, त्यामुळे त्यात मी पडत नाही. मी विचार करते तो त्या मोबाईलचा. आज असल्या प्रकरणांत साक्षीदार माणूस नसतो, मोबाईल असतो. आणि मोबाईल जप्त झाल्यापासून कोर्टात येईपर्यंत त्यात कोणी काही घातलं नाही, काही काढलं नाही, हे सांगायचं कोणी?

इथे पुन्हा हॅश येतो. मोबाईलमधल्या माहितीची पूर्ण प्रत काढायची आणि त्याच वेळी त्या प्रतीचा हॅश लिहून ठेवायचा. दोन वर्षांनी कोर्टात पुन्हा हॅश काढला आणि तोच आला, तर प्रत जशीच्या तशी आहे. एक अक्षर इकडचं तिकडे झालं असेल तर तो लगेच बोंब मारतो. हॅश आपल्या कायद्यात नवा नाही. डिजिटल सहीसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्येच त्याची व्याख्या आलेली आहे. पण लातूरचं प्रकरण झालं त्यानंतर आठवडाभरातच, १ जुलै २०२४ ला, भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात आता हॅशचा आकडा आणि तो कुठल्या पद्धतीने काढला हे लिहायची जागाच आहे. पर्याय दिलेत शा-१, शा-२५६, एमडी-५ आणि इतर.

सगळे पर्याय मात्र सारखे नाहीत. एमडी-५ ही १९९१ ची पद्धत. २००४ मध्ये चिनी संशोधकांनी दोन वेगवेगळ्या मजकुरांचा एकच एमडी-५ काढून दाखवला. शा-१ चं तेच २०१७ मध्ये झालं, गूगल आणि ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी एकच शा-१ असलेल्या दोन पीडीएफ तयार केल्या. म्हणजे दोन अनोळखी माणसांचे अंगठे एकच निघावेत तसं! म्हणून आज पुराव्यासाठी निवड करायची तर शा-२५६ करावी. उद्या आपल्यातलं कोणी फॉरेन्सिक लॅबमध्ये गेलं तर एवढं तरी लक्षात ठेवा.

आणि हॅशच्या मर्यादाही लक्षात ठेवा. समजा, एखाद्या कागदाचा फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला. पाठवताना ॲप त्याला दाबून लहान करतं, त्यामुळे समोरच्याकडे पोचलेल्या फोटोचा हॅश मूळ फोटोशी जुळत नाही. बघणाऱ्याला फोटो तोच दिसतो, हॅशच्या लेखी मात्र दोन वेगळ्या फाइल्स. अशा वेळी 'हॅश जुळला नाही, म्हणजे संबंधच नाही' असं म्हणणं चूक ठरेल. अशा जवळपास सारख्या गोष्टी ओळखायला वेगळ्या पद्धती निघाल्यात. फोटोंसाठी २००९ ची फोटोडीएनए, फाइल्ससाठी २००६ ची एसएसडीप. पण त्या 'बरंच साम्य आहे' एवढंच सांगतात, 'तीच आहे' असं सांगत नाहीत.

याच्या उलटचं उदाहरणही आहे. २०१७ मध्ये सीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या खुद्द अधिकृत आवृत्तीतच चोरांनी आपला कोड घुसवला होता. कंपनीची सही अस्सल आणि फाइलही कंपनीच्याच सर्व्हरवरून आलेली. नाव ओळखीचं, घर ओळखीचं, आणि आत चोर!

आणि अनोळखी फाइल? मागच्या सेमिस्टरला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. काकांच्या अडतीचा दिवसभराचा हिशेब करणारा. कंपाइल करून काकांच्या कॉम्प्युटरवर चालवायला गेले तर त्याने मोठी पाटीच दाखवली, की हे ॲप अनोळखी आहे, चालवल्यास धोका संभवतो. काका म्हणाले, "बघ बाई, चोर-बिर नसंल ना त्यात?" माझा प्रोग्राम जगात पहिल्यांदाच जन्माला आलेला. त्याचा हॅश कुठल्याही यादीत असणार कसा? गेथर्सबर्गच्या लायब्ररीला लातूरची अडत काय माहीत? काकांना मी एवढंच सांगितलं, "काका, त्याने याला कधी पाहिलं नाही, म्हणून विचारायला लागलंय. वाईट आहे असं म्हणत नाही तो." काकांनी मान हलवली आणि माझ्याकडून प्रोग्राममधली ओळ न् ओळ समजून घेतली. मग चालवला. मला ते फार आवडलं. अनोळखी गोष्टीशी वागायची हीच रीत नाही का? लगेच हाकलायचं नाही आणि लगेच पाट मांडून बसवायचंही नाही. आत काय आहे ते विचारायचं.

हे सगळं मी एवढ्या तळमळीने का लिहितेय, ते आता सांगते. माझी एक मैत्रीण आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. तिने लातूरलाच अकरावी-बारावी केली आणि २०२४ ची नीट दिली. दोन वर्षं तिने सण पाहिला नाही. पहाटे चारला तिच्या खोलीत लाइट लागायचा, हे मी स्वतः पाहिलंय. 'लातूर पॅटर्न'बद्दल बाहेरचे लोक काहीही बोलोत, तिथली मुलं सराव परीक्षा देऊन देऊन अक्षरशः झिजतात. तिला मार्क चांगले मिळाले, आज ती सरकारी मेडिकल कॉलेजात आहे. पण त्या उन्हाळ्यानंतर पुण्याला एका लग्नात ती गेली असताना एका ओळखीच्या काकूंनी हसत हसत विचारलं, "लातूरची का गं तू? मग पेपर कितीला पडला?"

सगळे हसले. तीही हसली. रात्री मला फोन करून मात्र खूप रडली. म्हणाली, "माझं नाव पण नाही विचारलं गं त्यांनी. नुसतं गाव ऐकलं."

बघा, हॅश सुद्धा एवढा निर्दय नाही! तो निकाल देण्याआधी पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत सगळं वाचतो. आणि सगळं वाचून झाल्यावरही म्हणतो काय, तर फक्त 'पाहिलेली' किंवा 'न पाहिलेली'. आपण माणसं मात्र फोल्डरवरचं नाव वाचतो आणि थेट 'चांगला' नाहीतर 'वाईट' असा शिक्का मारतो. लातूरची म्हणजे पेपर विकत घेतलेली. कॉन्व्हेंटची म्हणजे शिष्ट. अमुक आडनावाचा म्हणजे तसा. सप्टेंबर २०२४ मध्ये कोणी पुण्याच्या मुलाला असा प्रश्न विचारला असता का? २३ जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. हजारीबाग आणि पाटण्याला पेपर फुटल्याचं कोर्टानेही मान्य केलं, पण परीक्षेचं पावित्र्य सगळीकडेच बिघडलं असं दाखवणारा पुरावा नाही, असं म्हटलं. म्हणजे कोर्टाने 'कुठे आणि किती' हे तपासलं. लग्नातल्या काकूंना तेवढाही वेळ नव्हता.

मला माहीत आहे, माणसाचा हॅश निघत नाही, आणि निघू पण नये! माणूस रोज थोडा थोडा बदलतो. कालचा हॅश आजच्या माणसाशी जुळायचाच नाही. फाइल बदलली तर आपण म्हणतो छेडछाड झाली, माणूस बदलला तर म्हणतो शिकला. इथे कॉम्प्युटरची उपमा संपते आणि आपली जबाबदारी सुरू होते, असं मला वाटतं.

तर मित्र-मैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. पहिली सोपी आहे. कुठलंही सॉफ्टवेअर उतरवून घेतलं की त्याचा हॅश तपासायची सवय लावा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सर्टयुटिल' ही कमांड आहे, तिला 'हॅशफाइल', फाइलचं नाव आणि शेवटी 'शा२५६' एवढं सांगायचं. लिनक्सवर 'शा२५६सम' आणि फाइलचं नाव, बस्स. जो आकडा येईल तो बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी ताडून बघा. तो आकडा शक्यतो दुसऱ्या वाटेनेही पडताळा. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसून हॅकर्सनी डाउनलोडची लिंक आपल्या खोट्या फाइलकडे वळवली होती. ज्यांच्या हाती वेबसाइट जाते, त्यांना तिथे लिहिलेला आकडा बदलायला कितीसा वेळ लागणार? चोराला त्याच्याच घरचा साक्षीदार विचारून उपयोग काय?

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. पुढच्या महिन्यात फर्स्ट इयरची नवी बॅच येईल. कोणी देगलूरचं असेल, कोणी उदगीरचं, कोणी किनवटचं, कोणी माझ्यासारखं कॉन्व्हेंटचं. 'कोणाचं लेकरू हाय' हे आजीला विचारू द्या, तिचा तो हक्कच आहे. आपण मात्र त्यांना त्यांचं नाव विचारू, आणि मग थोडं थांबून त्यांचं पूर्ण ऐकून घेऊ.